अंगणातली करवंदाची जाळी

धायरीला घर बांधलं तेव्हाच ठरवलं होतं, कुंपणाच्या कडेला करवंदाची जाळी हवी. माझं आजोळ वेल्ह्याकडचं. मे महिन्यात पळसाच्या पानांच्या द्रोणात आलेली करवंदं, ओठांना चिकटलेला चीक आणि प्रत्येक करवंद चावून 'कोंबडा की कोंबडी' बघायचं: आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. माझ्या मुलीला हे ठाऊकच नव्हतं.

नर्सरीत करवंद मागितलं, रोप लगेच मिळालं. दोन वर्षांनी फळं धरली ती टपोरी, पांढरी-गुलाबी. पिकून लाल झाली तरी दात आंबतील इतकी आंबट. ही लोणच्याची जात. पाकात मुरवून, रंगवून 'चेरी' म्हणून केकवर लावतात तीही हीच. लोणचं छान झालं, पण डोंगराची काळी मैना ही नव्हे. आणखी दोन-तीन ठिकाणी विचारलं, सगळीकडे हेच रोप. सह्याद्रीच्या पायथ्याला राहून सह्याद्रीचं करवंद मिळू नये, याचं फार वाईट वाटलं.

मग आजोळहून पिकलेली करवंदं आणली. बिया धुतल्या, सावलीत वाळवल्या, कागदात बांधून ठेवल्या आणि पाऊस स्थिरावल्यावर जुलैत पेरल्या. एकही उगवली नाही. मामीला फोन केला तर ती म्हणाली, "आगं, वाळवायला ती काय भाताची बी हाय का? खाल्लं की वल्लीच टाकायची मातीत." तिचं खरं होतं. करवंदाची बी वाळली की तिची उगवण झपाट्याने जाते. जाळीखालचं रोप उपटून आणायचाही मोह होतो, पण त्याचं सोटमूळ तुटतं. माझी अशी दोन रोपं आठवड्यात वाळली.

पुढच्या मे अखेरीस करवंदं खाल्ली त्याच दुपारी बिया पेरल्या. चपट्या, तपकिरी बिया. गर चोळून काढला आणि पोयटा-शेणखत भरलेल्या काळ्या पिशव्यांत अर्धा इंच खोल दाबल्या. चाळीसातल्या तेवीस उगवल्या. वर्षभर पिशवीत वाढवून पुढच्या पावसाळ्यात त्यातली पाच कुंपणाला लावली, चार-चार फुटांवर. काटे जोडीने येतात आणि चांगले टोचतात, म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेपासून लांब.

इथे माझी आणखी एक चूक झाली. मायेपोटी रोज पाणी घातलं, वर भरपूर शेणखत. जाळी हिरवीगार झाली, उंच गेली, पण फूल नाही. डोंगरावर खडकाळ मातीत, दिवाळीनंतर थेंबभर पाणी नसताना हे झुडूप बहरतं, हे मी रोज बघत आले होते. ते अंगणात मात्र विसरले. चौथ्या वर्षी डिसेंबरपासून पाणी तोडलं. फेब्रुवारीत पांढऱ्या फुलांचे झुबके आले. संध्याकाळी फाटक उघडलं की जाईसारखा वास.

मे महिन्यात वाटीभर करवंदं उतरली, बारीक, काळीभोर. लेकीने पहिलंच चावलं, अर्धं बोटांत धरून बघितलं आणि ओरडली, "आई, कोंबडा!" बिया तिनेच धुतल्या. त्याच दुपारी त्या पिशव्यांत गेल्या. शेजारच्या काकूंना कुंपणासाठी तीन रोपं द्यायची आहेत.