जुन्या फायबर बॉडीच्या मोटरहोमला रूफ रॅक आणि सायकल रॅक: माझा अनुभव

टेम्पो ट्रॅव्हलरच्या चॅसिसवर फायबरची बॉडी चढवलेली जुनी गाडी असेल, तर रॅकसाठी कार अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात जाऊन फारसा उपयोग नाही. तिथले क्लॅम्प पत्र्याच्या टपाची कड धरतात आणि फायबरच्या टपाला तशी कडच नसते. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बाजूला होड्यांचं फायबर करणारे मिस्त्री आहेत, काम त्यांच्याकडून करून घेतलं. होडीला बोल्ट कसा बसवायचा हे ज्याला कळतं त्याला मोटरहोमचं वेगळं शिकवावं लागत नाही.

आधी टप ठोकून बघायचा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दर दोन-तीन इंचांवर टकटक करत जायचं. खणखणीत आवाज आला तर थर धरून आहेत; बद्द आवाज आला तर आत थर सुटलेत किंवा प्लाय कुजलाय, तिथे रॅकचा पाय बसवायचा नाही. टप एकेरी आहे की दोन थरांत प्लाय किंवा फोम आहे, हे हॅचची, म्हणजे टपावरच्या झडपेची, फ्रेम काढली की कापलेल्या कडेला दिसतं. एकेरी टप मधोमध लवतो. म्हणून पाय नेहमी कडेच्या गोलाईजवळ घ्यायचे, कारण वळलेलं फायबर ताठ असतं. आम्ही एका बाजूला तीन असे सहा पाय घेतले आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या लांबीच्या दिशेने. आडव्या बसवल्या तर पावसाचं पाणी त्यांच्यामागे तुंबतं, आणि कोकणातला पाऊस तुंबलेल्या पाण्याला वाट शोधायला भरपूर वेळ देतो.

आतलं सीलिंग उतरवल्याशिवाय हे काम होत नाही. लाइटच्या वायरी कुठून गेल्यात तेही तेव्हाच कळतं. प्रत्येक पायाखाली आतून १२ एमएम मरीन प्लायचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा लागतो. टप गोल, तुकडा सपाट. मध्ये फट ठेवून बोल्ट आवळला तर फायबर खाली ओढलं जातं आणि वर जेलकोटला, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थराला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. त्यामुळे आतलं फायबर ८० नंबरच्या सँडपेपरने घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, घट्ट केलेल्या रेझिनमध्ये (फायबरचे थर जोडणाऱ्या पातळ राळेत) तुकडा बसवायचा आणि वरून ४५० जीएसएमच्या काचतंतूंच्या मॅटचे दोन थर द्यायचे. हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के. कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर वाळवणारं द्रव्य, आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळलेलं असलं पाहिजे. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत रेझिन चिकटच राहतं. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचा काळ चांगला.

भोक पाडताना वर मास्किंग टेप लावायची, जेलकोट संपेपर्यंत ड्रिल उलट्या दिशेने फिरवायचं, मग सुलट. ८ एमएम बोल्टला साडेआठचं भोक, कडेला किंचित उतार. त्या उतारात सीलंट साठतं आणि बोल्टभोवती रिंग तयार होते. दोन थरांचा टप असेल तर भोक आधी १३ एमएमचं करून त्यात घट्ट इपॉक्सी भरायचं, वाळलं की त्यातून साडेआठचं. नाहीतर एका बोल्टातून शिरलेलं पाणी आतल्या प्लायमधून टपभर फिरतं आणि गळती भलतीकडेच दिसते. फायबरची धूळ अंगाला भयंकर खाजते, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

सिलिकॉन अजिबात वापरू नका. ते एकदा लागलं की पुढे त्या जागी ना रंग धरतो ना रेझिन. पॉलियुरेथेन सीलंट घ्यायचं. बोल्टचं डोकं वर धरून ठेवायचं आणि नट आतून फिरवायचा; बोल्ट फिरला तर सीलंट फाटतं. बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. ३०४ ला खाऱ्या वाऱ्यात लवकर तपकिरी डाग येतात. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मध्ये नायलॉनचा वॉशर, नाहीतर मीठ अ‍ॅल्युमिनियम खातं. आटे ग्रीस करून हातानेच आवळायचे, इम्पॅक्ट गनने स्टेनलेसचा नट जागीच जाम होतो. सीलिंग परत लावण्याआधी वरून पंधरा-वीस मिनिटं पाइपने पाणी सोडायचं आणि आत प्रत्येक नटाभोवती टिश्यू पेपर ठेवायचा.

सायकल रॅकचं गणित वेगळं. दोन सायकली ३० किलो, फ्रेम १५, एकूण ४५. हे वजन मागच्या भिंतीपासून ५० सेंटिमीटर बाहेर आणि वरच्या-खालच्या बोल्टांत ७५ सेंटिमीटर अंतर असेल, तर गाडी उभी असतानाच वरचे बोल्ट ३० किलोने ओढले जातात. खड्ड्यात ते दुप्पट-तिप्पट होतं. जुन्या फायबर भिंतीवर हे टाकायचंच नाही. सगळं वजन चॅसिसवर घ्यायचं: ५० बाय ५० बाय ३ एमएमचा बॉक्स पाइप, चॅसिसच्या दोन्ही दांड्यांना बोल्टने. भिंतीला फक्त एक हात, तोही डुलणं थांबवायला. वेल्डिंग आणि सगळी भोकं झाल्यावरच हॉट डिप गॅल्व्हनाइजला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवायला, द्यायचं. बंद पाइपला हवेची भोकं नसतील तर तो टाकीत फुटू शकतो. तीच भोकं पुढे आतलं पाणी काढतात.

चाकांमधलं अंतर तीन मीटर आणि रॅक मागच्या चाकापासून दीड मीटर मागे धरला, तर ४५ किलोंमुळे मागच्या अ‍ॅक्सलवर साडेसदुसष्ट किलो वाढतात आणि पुढून साडेबावीस कमी होतात. घाटात स्टिअरिंग हलकं लागतं, म्हणून टाकीतलं पाणी आणि जड सामान पुढे सरकवलं. सायलेन्सरचं तोंड सायकलच्या टायरकडे नको. नंबर प्लेट आणि टेल लाइट झाकले जात असतील तर ते रॅकवर बाहेर घ्यावे लागतात. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे बांधणीत बदल मनमानी करता येत नाही, तेव्हा पाइप कापण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

रॅक चढला की नवी उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. वाडीच्या रस्त्यांवर फणसाच्या फांद्या आणि लोंबत्या वायरी असतात. सायकल रॅकचा पाइप फार खालून घेऊ नका. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडल्याच्या फेरीबोटीत ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो आणि मागची बाजू पहिली घासते. तिथे सायकली उतरवून, कोणाला तरी मागे उभं करून तिरकं चढवतो.