आमची वाटचाल : दरडीखाली चालणारी यंत्रे

महाड तालुक्यात आमच्या व्यवसायाची सुरुवात 2004 साली एका जुन्या, वीस टनी पोकलेनने झाली. पोकलेन हे खरे तर फ्रान्समधील एका कंपनीचे नाव. परंतु कोकणात चेनवर चालणारे कोणतेही खोदयंत्र पोकलेनच असते. उन्हाळ्यात विहिरी, घरांचे पाये आणि रस्त्यांचे कटिंग करावे, पावसाळ्यात यंत्र ताडपत्रीखाली ठेवावे आणि साठवलेल्या पैशांतून बँकेचे हप्ते भरावेत, असा आमचा साधा हिशेब होता.

पुढच्याच वर्षीच्या जुलैमधील अतिवृष्टीने तो मोडला. दासगाव, जुई आणि आसपासच्या गावांवर दरडी कोसळल्या, रस्ते बंद झाले आणि मिळेल ते यंत्र मागवले गेले, आमचेही गेले. आज आम्ही ज्या गोष्टींना सक्त मनाई करतो, त्या जवळजवळ सगळ्या आम्ही त्या आठवड्यात केल्या. डोंगराकडे बाजू करून यंत्र उभे केले, एकाच दिव्यावर रात्री काम केले आणि ढिगारा पायथ्यापासून ओढला. पायथ्याचा आधार काढला की वरचा ओला भराव खाली येतो, हे ठाऊक असूनही घाईपुढे कोणी थांबले नाही. अपघात झाला नाही, याचे श्रेय आमच्याकडे जात नाही.

नुकसान झाले ते हायड्रॉलिक पंपाचे, म्हणजे ज्याच्या ऑइलच्या दाबावर यंत्राचा हात हलतो त्या पंपाचे. दिवसभर तापलेले यंत्र रात्री थंड झाले की हायड्रॉलिक टाकीतील हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या छिद्रातून, बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. त्यातच सिलिंडरच्या रॉडवरील सील चिखलाने कापलेले असले, तर पाणी आत शिरायला दुसरी वाट मिळते. आमचे ऑइल ताकासारखे पांढरे झाले होते आणि तरीही आम्ही आठवडाभर यंत्र चालवले. पाणी मिसळलेल्या ऑइलचे वंगण कमी पडते. पंपाच्या दुरुस्तीत त्या हंगामाची कमाई तर गेलीच, वर उसनवारी झाली. तेव्हापासून पावसाळ्यात रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, टाकीच्या तळाचा नळ थोडा उघडून रात्रभरात खाली बसलेले पाणी काढले जाते. हे काम पाच मिनिटांचे आहे, म्हणूनच ते टाळले जाते.

त्याहून मोठा धडा आमच्या हेल्परच्या वाट्याला आला. बूमवरच्या, म्हणजे यंत्राच्या लांब हातावरच्या, एका पाईपमधून बारीक फवारा येत होता आणि तो नेमका कुठून येतो, हे पाहण्यासाठी त्याने त्यावर हात फिरवला. या यंत्रात ऑइलचा दाब 300 बारच्या पुढे, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेच्या शंभरपटीहून अधिक असू शकतो. त्याच्या बोटावर सुईने टोचल्यासारखा एक ठिपका उठला, दुखतही फारसे नव्हते, आणि आम्ही सर्वांनी, मीसुद्धा, ते हसण्यावारी नेले. ऑइल त्वचेखाली शिरले असेल, तर काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी, त्याचा हात मनगटापर्यंत सुजल्यावर, मुंबईच्या रुग्णालयात कळले. बोट वाचले नाही. आता गळती शोधायची ती पुठ्ठा धरून, आणि पाईपला पाना लावण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर सगळ्या बाजूंना हलवून उरलेला दाब काढायचा.

दरडीवरच्या कामाची शिस्त हळूहळू बसली. यंत्राचे तोंड ढिगाऱ्याकडे आणि चेन फिरवणारे दातेरी चाक मागे असले, की ऑपरेटरला सरळ मागे पळता येते. डोंगरावर नजर ठेवायला एक माणूस समोरच्या बाजूस उभा असतो. सुरुवातीला आम्ही त्याला शिट्टी दिली होती; इंजिनच्या आवाजात केबिनमध्ये ती ऐकूच येत नाही, हे कळायला एक पावसाळा गेला. घाटात मोबाइलचाही भरवसा नसतो, म्हणून आता वॉकीटॉकी आणि लाल दिवा असतो. उतारावरचे स्वच्छ पाणी अचानक गढूळ झाले किंवा बारीक खडे घरंगळू लागले, की कोणालाही न विचारता मागे यायचे.

22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातीलच तळिये गावावर दरड कोसळली. त्याच चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला. पुढच्या दिवसांत घाटातील एका बंद रस्त्यासाठी आम्हाला रात्रीच यंत्र चढवण्यास सांगण्यात आले. पलीकडे कोणी अडकलेले नव्हते. आमच्या ऑपरेटरने नकार दिला आणि मी त्याच्या पाठीशी उभा राहिलो. त्या रात्री तेथे नवी दरड आली नाही. काम दुसऱ्याला मिळाले आणि नंतर बराच काळ तिकडून आम्हाला बोलावणे आले नाही. तरीही तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही.

आज आमच्याकडे चार यंत्रे आहेत. धोक्यामुळे थांबलेल्या तासांचा पगार ऑपरेटरला मिळतो. त्या तासांचे भाडे मात्र अनेक ठेकेदार देत नाहीत आणि तो वाद दर हंगामात होतो. तो हेल्पर आता आमच्या देखभालीची नोंदवही सांभाळतो, आणि दर जूनमध्ये ऑइलच्या रिकाम्या खोक्यांचे हातभर लांब पुठ्ठे कापून प्रत्येक केबिनमध्ये सीटच्या मागे ठेवतो.