वेल्डिंगचं हेल्मेट घेताय? आधी बॅटरीचं झाकण बघा

आईसाठी झोपाळ्याची फ्रेम करायला घेतली होती. २५ बाय २५चा चौकोनी पाइप, बारा नंबरचा रॉड, वेल्डिंग मशीन ७० अँपिअरवर. एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात काळ्या काचेचं शील्ड, मग काटकोनात पाइप धरणार कोण? शील्ड ठेवलं बाजूला, तोंड फिरवलं आणि मारले आठ-दहा टाके.

तेव्हा काहीच वाटलं नाही. रात्री दोनला जाग आली ती डोळ्यांत वाळू ओतल्यागत. पाणी थांबेना, मोबाईलचा उजेडही सोसेना. बायकोनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, गार वाटलं, बाकी काही नाही. सकाळी डॉक्टर म्हणाले, वेल्डिंगच्या लखलखाटातल्या अल्ट्राव्हायोलेटनं बुबुळावरचा पडदा भाजलाय; त्रास सहा-बारा तासांनी सुरू होतो, म्हणून माणूस काम करतच राहतो. शेजारचे मिस्त्री उद्यमनगरात चाळीस वर्षं वेल्डिंग करतात. ते म्हणाले, "काय भावा, डोळं काय भाड्यानं आणलंयस?"

म्हणून ऑटो डार्कनिंग हेल्मेट. आपसूक काळी होणारी काच, दोन्ही हात मोकळे.

पहिलं घेतलं ऑनलाइन, अकराशेचं. वर कवटीचं चित्र, खाली '१/२५००० सेकंद'. मी त्या आकड्यावर भाळलो. काच काळी व्हायच्या वेगाबद्दल तक्रार नाही, तो हल्ली साध्या हेल्मेटलाही असतो. उन्हाळाभर चाललं. पावसाळ्यात माळ्यावर गेलं. गणपतीनंतर काढलं, रॉड टेकवला आणि डोळ्यांसमोर नुसता पांढरा लोळ! काच काळी झालीच नाही. 'सोलर' लिहिलं होतं, पण सोलरची पट्टी नुसती मदतनीस. आतली बॅटरी झाळून बंद केलेली, बदलायची सोयच नाही. वाळूची रात्र मात्र पुन्हा आली नाही. अल्ट्राव्हायोलेट आणि इन्फ्रारेड अडवणारा थर काचेत कायम असतो, ती काळी होवो न होवो. त्याच्या भरवशावर वेल्डिंग करायचं नसतं, एवढंच.

दुसऱ्या वेळी दुकानात जाऊन घेतलं. हातात घेतल्यावर आधी बॅटरीचं झाकण शोधलं. नाणं घालून फिरवलं की उघडतं, आत सीआर २४५० सेल, कुठंही मिळणारा. मग वेल्डिंगचा उजेड ओळखणारे सेन्सर मोजले. जुन्याला दोनच होते. झोपाळ्याच्या आतल्या कोपऱ्यात शिरलं की पाइप त्यांच्या आड यायचा आणि काच मध्येच उघडझाप करायची. नव्याला चार आहेत. एक झाकला तरी बाकीचे बघतात. दुकानदाराला म्हटलं, जरा उन्हात नेऊ का? बाहेर सूर्याकडे धरलं, झटकन काळं. तो हसला, पण अडवलं नाही.

शेड, म्हणजे काचेचा काळेपणा, ९ ते १३ फिरवता येते; आकडा मोठा तेवढी काच काळी. माझ्या ७०-८० अँपिअरला १० बरी पडते. मिस्त्री ११ म्हणतात, पण माझ्या कामाच्या जागेत उजेड कमी आणि वय बावन्न. वयावरून आठवलं, आत चाळशीची काच बसवायला खाच आहे का तेही बघितलं. याच्या आधी मी लोखंड कमी आणि अंदाज जास्त जोडत होतो.

काचेवर ईएन ३७९ या युरोपीय मानकाखाली १/१/१/२ असे चार आकडे होते. पहिला काच किती स्वच्छ दिसते त्याचा, दुसरा उजेड किती विखुरतो त्याचा, तिसरा काळेपणा सगळीकडे सारखा आहे का त्याचा आणि चौथा तिरकं बघितल्यावर काय होतं त्याचा. १ सगळ्यात चांगला, ३ सगळ्यात वाईट. जुन्या हेल्मेटच्या कडेनं बघितलं की डाग पडल्यागत दिसायचं, त्याचं कारण तेव्हा कळलं.

साडेतीन हजार गेले. बाहेरची प्लॅस्टिकची काच ठिणग्यांनी खराब होते, तिच्या दोन जास्तीच्या घेतल्या. डोक्याचा पट्टा मात्र अजून टोचतो. घाम टिपायला जुन्या पंच्याची पट्टी गुंडाळलीय.

परवा मिस्त्रींना घालायला दिलं. त्यांनी रॉड टेकवला, सुरेख टाका मारला, हेल्मेट वर केलं.

"दिसलं का?"

"कुठलं? मी डोळंच मिटलं हुतं मर्दा."