वुमन एक, विमिन अनेक

आमच्या बचत गटाची ओळख इंग्रजीत करून द्यायचं काम माझ्याकडं आलं. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, तुरीची डाळ करून विकणाऱ्या आम्ही बाया, आणि भेटायला येणार होते परदेशातले पाहुणे. लिहून मिळालेल्या वाक्यांत एक शब्द सारखा येत होता: विमिन. आमच्याकडं भाषणांत सगळीकडं ‘वुमेन’च चालतं. मला वाटे, आपलीच ओळख सांगायची आहे, तर निदान हा शब्द तरी खणखणीत यावा.

नागपूरला शिकणारी भाची दिवाळीत आली होती. तिनं मोबाइलवरच्या शब्दकोशातून दोन्ही शब्द ऐकवले. एकीसाठी वुमन, अनेकींसाठी विमिन. लिहिताना बदल शेवटच्या भागात, ‘ए’ जाऊन ‘ई’ येतो. कानाला मात्र पहिलाच भाग बदललेला लागतो. मग डोळ्यांवर भरवसा ठेवणारा ‘वुमेन’ म्हणणारच! भाचीनं याचं मूळही शोधलं. जुन्या इंग्रजीत ‘वीफमान’ असा शब्द होता. ‘वीफ’ म्हणजे बाई, आजचा ‘वाइफ’ त्यातलाच. त्यातली ‘इ’ अनेकवचनात टिकली, एकवचनात तिचा ‘उ’ झाला. हे ऐकल्यावर माझा गोंधळ कायमचा मिटला.

अवघड होता तो सुरुवातीचा ‘व’. मराठी ‘व’ म्हणताना आपला खालचा ओठ वरच्या दातांकडं जातो. इंग्रजीतल्या डब्ल्यूला दातांचं काही कामच नाही, नुसते ओठ गोल करायचे. त्यात आमच्या वऱ्हाडीत ‘वि’ टिकतच नाही. विहिरीची इहीर, विस्तवाचा इस्तो. गटातल्या काकू सरळ ‘इमिन’ म्हणत. सगळ्या त्यांना सुधारायला धावल्या, पण भाचीला त्यातच वाट दिसली.

“मावशी, दात नको लावू ओठाले. चूल फुकतो ना आपन, तसे ओठ कर, अन् मंग म्हन इमिन.”

तसंच केलं. गोल ओठ, लगेच सैल, आणि ‘इमिन’. शब्द बरोबर उमटला! काकूंना तर माझ्याही आधी जमला, कारण त्यांची ‘इ’ आधीच मोकळी होती. आमची बोली इथं आडवी आली नाही, तिनंच निम्मं काम केलं, याचा मला फार आनंद आहे. पुढचा सराव कापूस वेचता वेचता झाला. जोर ‘वि’वर द्यायचा, ‘मिन’ हलकं सोडायचं; ‘मीऽन’ असं ओढलं की बिघडतं. रात्री मोबाइलवर आवाज भरून शब्दकोशातल्या आवाजाशी ताडून पाहायची.

पाहुणे आले, मी बोलले, त्यांनी काहीही पुन्हा विचारलं नाही.

त्याच वाक्यात ‘व्हिलेज’ही होता. तिथं नेमकं उलट, वरचे दात खालच्या ओठाला टेकवावेच लागतात. हे दोन शब्द लागोपाठ म्हणणं हाच उत्तम सराव, असं मी आता गटातल्या मुलींना सांगते. ‘वुड’ आणि ‘वूल’ अजून घोटतो आहोत. तिथं ‘इ’ मदतीला येत नाही, ओठ शेवटपर्यंत गोलच ठेवावे लागतात.