लाल दोऱ्याची केबल

शिक्षकांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात मायक्रोबिटवर (मुलांना कोडिंग शिकवायच्या इवल्याशा संगणक-बोर्डवर) हृदय उमटवायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. पडद्यावर दिसेल तो कोडचा ब्लॉक ओढायचा, जागेवर सोडायचा, फाइल बोर्डवर टाकायची, की पाच ओळींतले २५ इवलेसे दिवे लुकलुकायला लागतात. टाळ्या, फोटो, प्रमाणपत्र.

खरं तर माझा बोर्ड आधी संगणकाला दिसतच नव्हता. मी हात वर केला. मार्गदर्शक आले, केबल काढून दुसरी लावली, ‘आता बघा’ म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. काय बिघडलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. दिवे लागल्याच्या आनंदात मीही विचारलं नाही.

आठवड्याभराने सातवीच्या तासाला बारा बोर्ड वाटले आणि त्यातले पाच संगणकाला दिसेनात. बोर्डवरचा दिवा लागतोय, म्हणजे वीज पोचतेय, पण पुढे काही नाही. मी बोर्ड बदलले, पोर्ट बदलले, संगणक बंद करून पुन्हा चालू केले. निम्मा तास तिथेच गेला. शेवटी मागच्या बाकावरचा मुलगा जरा चाचरतच म्हणाला, “बाई, ही नुसती चार्जिंगची केबल असेल. काही केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच.” त्याचंच बरोबर निघालं. प्रशिक्षणात मार्गदर्शकांनी चुटकीसरशी बाजूला केलेली अडचण हीच नेमकी मला शिकायला हवी होती.

तेव्हापासून कुठल्याही प्रशिक्षणाला गेले की मी एकच बघते: इथे आम्हाला अडकू देतात का? बहुतेक ठिकाणी देत नाहीत. वेळापत्रक घट्ट असतं, प्रत्येकाचं काहीतरी चाललं पाहिजे, शेवटी अभिप्रायाचा फॉर्म भरायचा असतो. सगळं सुरळीत पार पडतं आणि आपण वर्गात तोंडघशी पडायला मोकळे!

दुसरा प्रसंग मात्र माझ्यासाठी जास्त मोलाचा ठरला. मायक्रोबिटवर खोलीचं तापमान दाखवायचं होतं. बोर्डवर आकडा आला ३१. भिंतीवरचा काचेचा तापमापी म्हणत होता २७. “कोणतं खरं, बाई?” एका मुलीने विचारलं. मी ‘सेन्सर खराब असेल’ म्हणून वेळ मारून नेली. मग दुसऱ्या गटाचा बोर्ड बघितला, तिसऱ्याचा बघितला. सगळे तीन-चार अंश वरच. सगळेच खराब कसे असतील? त्या मुलीने पुन्हा काही विचारलं नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

घरी येऊन शोधलं. मायक्रोबिटला हवेचं तापमान मोजणारा वेगळा सेन्सर नाहीच. आकडा येतो तो प्रोसेसरच्या चिपमधून, आणि चालू चिप थोडी तापलेली असते. म्हणजे बोर्ड खोटं बोलत नव्हता, स्वतःचं तापमान सांगत होता. पुढच्या तासाला मी वर्गापुढे कबूल केलं, “काल मी चुकीचं सांगितलं.” मग मुलांनी दर पाच मिनिटांनी दोन्ही आकडे लिहिले, फरकांची सरासरी काढली आणि कोडमध्ये तेवढी वजाबाकी घातली. एका गटाने बोर्ड खिडकीत ठेवून पाहिला, तर त्यांची वजाबाकी तिथे जुळेना. त्यावर जी वादावादी झाली ती मी थांबवली नाही. मापनातली त्रुटी हा धडा मी कित्येक वर्षं फळ्यावर शिकवत आलेय. त्या दिवशी पहिल्यांदाच मला तो कुणावर लादावा लागला नाही.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये एक गोष्ट मांडली होती: विषय येणं वेगळं आणि तो विषय शिकवताना लागणारं ज्ञान वेगळं. मुलं कुठे अडखळतील, त्यांची कुठली चूक स्वाभाविक आहे, कोणत्या उदाहरणाने गाठ सुटेल, हे सगळं त्या दुसऱ्या ज्ञानात येतं. बी.एड.ला मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. अर्थ कळायला चिपचं तापमान लागलं.

आता आम्ही तिघी (मी विज्ञानाची, एक गणिताची, एक संगणकाची) महिन्यातून एकदा शाळा सुटल्यावर बसतो. नियम एकच: चाललेलं काही आणायचं नाही, अडलेलं आणायचं. मागच्या वेळी आवाज सोडून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर होता. भिंत एक मीटरवर आणि आकडा येतोय दोन मीटर. मी तारा तपासत बसले. गणिताच्या बाईंनी कोडकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, “आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येतोय ना? मग दोनाने भागलंत का?” नव्हतं भागलं. मग त्यांनीच विचारलं, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर कुठल्या तापमानाला? २० अंशांना. शून्य अंशाला तो ३३१ च्या आसपास असतो. मग काय, तापमानाचा बोर्ड पुन्हा टेबलावर आला आणि आम्हाला निघायला अंधार झाला.

दोनाने भागणारी ओळ काढून टाकलेला कोड आम्ही आता आठवीला मुद्दाम देतो. भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजा, सेन्सरने मोजा आणि काय गडबड आहे ते तुम्हीच शोधा, एवढंच सांगतो.

पुढच्या महिन्यात शेजारच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी सत्र घ्यायला मला सांगितलंय. त्या पाच केबलींपैकी एक मी लाल दोरा बांधून कपाटात जपून ठेवली आहे. सत्राच्या दिवशी दोरा सोडून ती इतर केबलींत मिसळणार आहे. ज्यांच्या हातात पडेल त्यांनी हात वर केला, तर मी लगेच जाणार नाही.