साडेसातपर्यंत

सोमवार, रात्री उशिरा

काल आमच्या पोरांचं नाटक संपल्यावर पाहुण्यांनी माईक नेमका त्याच्याच तोंडापुढं का धरला, कळत नाही. ओळीत सगळी पोरं उभी होती. आमचा नगरसेवक (नाटकातला) तर पुढं सरकून बोलायला टपलेलाच होता. पण माईक गेला थेट पडद्याकडं. पडदा म्हणजे आमचा पडदेवाला, सगळे त्याला पडदाच म्हणतात. तो मागं अर्धा लपून उभा. "काय बाळ, नाटकातून तुला काय मिळालं?"

त्यानं जरा विचार केला. मग म्हणाला, "साडेसातपर्यंत घरी जावं लागत नाही की."

हॉल हसला. पाहुणेही हसले, त्याच्या पाठीवर थाप मारून पुढं गेले. नगरसेवकानं मग आत्मविश्वास, सभाधीटपणा, संघभावना असं सगळं रांगेत सांगितलं. टाळ्या. फोटोत मीपण हसतेय.

आज दिवसभर ऑफिसात व्हाउचरं लावता लावता तेच वाक्य. आणि आता अकरा वाजता वही घेऊन बसलेय तरी तेच.

लागलं मला. कशाला खोटं लिहू. पोरगं उद्धटपणानं बोललं नाही, खोटंही बोललं नाही, विचारलं त्याचं उत्तर दिलं. तरी लागलं. मे महिन्याच्या उन्हात ऑफिस सुटल्यावर धावत सोलापूरच्या पूर्व भागात जायचं. पत्र्याचा हॉल सहा वाजतासुद्धा तापलेला, पंखे गरम वारा खाली ढकलतात. किल्लीसाठी समाजमंदिरातल्या मामांची मिनतवारी. लाइटचं भाडं माझ्या खिशातून, बिस्किटंही. दादा विचारतोच, "तुला कोण सांगितलं हे?" कुणीच सांगितलं नाही, हीच तर पंचाईत आहे. कुणी सांगितलं असतं तर त्याच्यावर ओरडता आलं असतं. आणि एवढं करून हाती काय, तर घरी न जाण्याची सोय. मग नुसता हॉल उघडा ठेवला असता, एक कॅरम टाकला असता, तरी भागलं असतं.

पाहुण्यांचं भाषण तर मला पाठ आहे. दरवर्षी पाहुणे बदलतात, भाषण तेच. आपल्या सोलापूरचे अतुल कुलकर्णी, इथल्याच हौशी रंगभूमीवर काम करत दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. आपल्या जेऊरचे नागराज मंजुळे. आपल्या अकलूजची रिंकू राजगुरू. उद्या या हॉलमधूनही असाच एखादा हिरा! यात खोटं काही नाही, ही माणसं खरीच इथली आहेत आणि मलाही त्यांचा अभिमान आहे. पण ते भाषण चालू असताना पोरं एकमेकांकडं कशी बघतात, ते मी बघते. त्यातला एक कोण, हे शोधत असतात. बाकीच्यांचं काय, यावर भाषणात कधी ओळ नसते.

मी स्वतः मोठी शहाणी. माझं भाषण वेगळं असतं. बालनाट्य म्हणजे राजकन्या आणि राक्षस नव्हे, असं मी सुरू करते. मग मोहन आगाशे यांनी १९८६ साली बर्लिनचं ग्रिप्स थिएटर पुण्यात कसं आणलं, त्यात मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात आणि गोष्टी मुलांच्या रोजच्या जगण्यातल्याच असतात. मग रत्नाकर मतकरींनी ठाण्यात २०१४ ला सुरू केलेला वंचितांचा रंगमंच, जिथं वस्तीतली मुलं आपले विषय आपणच मांडतात. ते वाचूनच मला हे खूळ लागलं. हे सगळं मी पालकांच्या मीटिंगमध्ये सांगते. पालक म्हणजे बहुतेक आया, विड्यांचं सूप मांडीवरून उतरवून आलेल्या. त्या शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी एकच प्रश्न विचारतात, "किती वाजता सोडणार?"

साडेसात.

म्हणजे सुरुवातीपासून सगळ्यांना साडेसातच महत्त्वाचं होतं, मी सोडून. हे आत्ता लिहिताना सुचलं.

विषयसुद्धा माझा नव्हताच. मला सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरचं नाटक बसवायचं होतं. १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात दिलेली फाशी, सोलापूरच्या पोरांना हे माहीत नको? पोरं म्हणाली, माहीत आहे, शाळेत दर जानेवारीला करतो. "अक्का, पाणी करू की." आणि पाणीच केलं. नळ चार-पाच दिवसांआड, त्यातही रात्री येणार की पहाटे ते सांगता येत नाही. शेजारच्यानं मोटार लावली म्हणून भांडण, बॅरलवर झोपलेली आजी, टँकरवाली, नगरसेवक. मी कागदावर एक ओळ लिहिली नाही. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी, त्यामुळं संवाद तिन्हीत. ऐन रंगात आलेल्या भांडणात आजी उठून ओरडते, "नीळ्ळू वच्चिनय!", पाणी आलं, आणि सगळे भांडण टाकून हंड्याकडं पळतात.

काल गंमत अशी झाली, की आजी ओरडली आणि तेवढ्यात मागं कुणाचा तरी फोन वाजला, पलीकडच्या गल्लीत खरंच पाणी आलं होतं. मागच्या दोन रांगा उठून गेल्या. पाहुण्यांना वाटलं नाटक आवडलं नाही. मी त्यांना समजावत होते की याहून मोठी दाद मिळणार नाही.

तर पडदा. म्हणजे पोरगा.

हॉलला पडदा नाहीच. कारखान्यातून सेकंडच्या चादरी आणल्या, चार-चार जोडून शिवल्या, रिंगा लावून तारेवर चढवल्या. सोलापुरी चादर अंगावर उबदार आणि तारेवर अवजड. तार मध्ये झोल खाते आणि पडदा बरोब्बर तिथं अडतो. पहिले दोन दिवस मी स्वतः स्टुलावर चढून ओढत होते. मग हा आला. येताना खिशात कपड्याच्या साबणाचा तुकडा. स्टुलावर चढून सगळी तार साबणानं घासली, रिंगा एकेक करून पुढंमागं सरकवून बघितल्या, खाली उतरला, दोरी आधी हळू ओढली, झोलापाशी आल्यावर एक हिसका. पडदा सरकन गेला. एक शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून दोरी त्याची.

आमच्या पोरांना आवाज टाकायला शिकवावं लागत नाही, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खटखटीत वाढलेली, साधं "भूक लागली" म्हणतात तेही शेवटच्या रांगेला ऐकू जातं. हा एकटा हळू बोलतो. म्हणून मी त्याला स्टेजवर आणायचा फार प्रयत्न केला. छोटी भूमिका दिली, बिनसंवादाची दिली. उभा राहायचा, मग कधी दोरीपाशी परत गेला ते कळायचंही नाही. एकदा पाण्याच्या दिवशी निम्मी पोरं आली नाहीत, टँकरवाली नाही, आजी नाही. तालीम सोडून देणार तोच दोरीपाशी पुटपुटणं ऐकू आलं. भिंतीकडं तोंड करून हा आजीचे संवाद म्हणत होता. नंतर टँकरवालीचे, नंतर सगळ्यांचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीनं, तिन्ही भाषांत, कसलाही अभिनय न करता. कुठं थांबायचं तेवढं थांबत होता. आलेल्या पोरांनी त्यावर हालचाली केल्या. तालीम झाली.

आणि याला विचारलं काय मिळालं, तर साडेसात.

त्याच्या घरी संध्याकाळी काय असतं ते मला थोडं माहीत आहे. लिहीत नाही. लूमची पाळी सुटते तेव्हा, एवढंच.

मी स्वतः सतरा वर्षांची असताना राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीला जायची. मंडळातली सगळ्यात लहान. स्टेजवर एकदाच जायचं, तीन वाक्यं बोलायची, पण तालमीला रोज, वेळेच्या अर्धा तास आधी. सतरंज्या घालायची, झाडायची, प्रॉम्प्टिंग करायची. सगळे कौतुक करायचे, केवढी निष्ठा पोरीची! मंडळातल्या नानांनी तर एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, नाटकावर प्रेम असावं तर असं. मी मान खाली घालून ऐकलं. त्या वर्षी आमच्या घरी जे चाललं होतं... असो. तालीम साडेनऊपर्यंत असायची. मला कुणी माईक पुढं धरून विचारलं नाही हे माझं नशीब. विचारलं असतं तर मी 'कलेची सेवा' म्हणाले असते आणि टाळ्या घेतल्या असत्या.

हे पोरगं माझ्यापेक्षा बरं, एवढंच म्हणायचं. पण मग लागलं का? अजून थोडं लागलेलंच आहे. बहुतेक मला हवं होतं की निदान आता तरी ते तेवढंच नसावं. माझ्याबाबतीत तरी तेवढंच राहिलं का? तीस वर्षं झाली, अजून तालमीच करतेय. घरून आता कुणी हाकलत नाही, तरी.

देणगी देणाऱ्यांना अहवाल द्यायचाय, शुक्रवारपर्यंत. त्यात 'लाभार्थ्यांचे अभिप्राय' असा रकाना आहे. आत्मविश्वास लिहिला, सभाधीटपणा लिहिला. मग हात आपोआप पुढं गेला आणि लिहिलं, 'सायंकाळच्या वेळेचा विधायक उपयोग'. वाचून एकटीच हसले. पोराचं वाक्य इस्त्री करून पाठवतेय. खोडावं म्हटलं, मग राहू दिलं. असल्या रकान्यात बहुतेक ओळी अशाच कुणाच्या तरी असतील.

खरी काळजी वेगळीच निघालीय. नाटक थंडीतल्या बालनाट्य स्पर्धेला न्यायचं सगळ्यांनी काल ठरवून टाकलं. हुतात्मा स्मृती मंदिर या थिएटरचं नाव काढल्यावर पोरं नाचायलाच लागली. पण मोठ्या थिएटरात पडदा थिएटरची माणसं ओढतात. तिथं चादर नाही, तार नाही, साबण नाही. म्हणजे ज्याला सगळं नाटक पाठ आहे त्यालाच काम नाही. हे त्याच्या लक्षात कालच आलंय असं वाटतं, कारण बाकीची नाचत होती तेव्हा हा रिंगा मोजून पिशवीत भरत होता.

प्रॉम्प्टर म्हणून विंगेत उभं करावं, तर एवढ्या हळू आवाजाचा प्रॉम्प्टर टँकरवालीला ऐकू येणार का? ध्वनी द्यावा का त्याच्याकडं? नळाचा आवाज, मोटारीचा आवाज, बॅरल घरंगळण्याचा. रेकॉर्ड केलेला नको, विंगेत खऱ्या वस्तूंनी. हे जमेल त्याला, साबणासारखं काहीतरी शोधून काढेल. त्यासाठी जून-जुलैपासूनच बसावं लागेल, शाळा सुटल्यावर, रोज.

मामांना उद्या गाठते, आठपर्यंत किल्ली द्याल का म्हणून. चहाबरोबर भजीपण सांगावी लागणार.