9.6 मीटर

आमच्या सर्वेक्षणाच्या शीटवर त्या खडकाची खोली 9 मीटर लिहिली आहे आणि ती बरोबर आहे. पण त्या दिवशी तीन तास ती 9.6 होती, आणि तो आकडा वायरलेसवर मी दिला होता.

मी सागरी सर्वेक्षक. जागा प्रिड्झ उपसागर, पूर्व अंटार्क्टिका. त्याच्या आग्नेय काठावर लार्समन टेकड्या आहेत, तिथेच 2012 पासून आपलं भारती स्थानक उभं आहे. उपसागराच्या आतल्या टोकाला अ‍ॅमेरी हिमफलक, त्याच्यामागे लॅम्बर्ट हिमनदी. हे सगळं कुठल्याही नकाशात सापडतं. सापडत नाही ते पाणी.

कारण इथला किनारा शोधला गेला तो जहाजाच्या डेकवरून आणि विमानातून. 1931 मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधक मॉसनच्या मोहिमेने आणि नॉर्वेच्या देवमासे मारणाऱ्या जहाजांनी तो तुकड्यातुकड्यांनी पाहिला. फेब्रुवारी 1935 मध्ये कॅप्टन क्लारिअस मिकेल्सन ‘थोर्सहावन’ हे नॉर्वेचं जहाज घेऊन आत शिरले. पुढे 1936-37 मध्ये लार्स क्रिस्टेन्सन यांच्या मोहिमेने विमानातून फोटो काढले आणि त्यांवरून नकाशे झाले. विमानाच्या फोटोत किनारा दिसतो, पाण्याखालचा खडक दिसत नाही. आजही लोक मला म्हणतात, ‘उपग्रह आहेत की, बोट कशाला?’ किनाऱ्याजवळच्या गढूळ, बर्फाळ पाण्यात जहाजाला चालेल अशी खोली उपग्रह सांगत नाही. तिथे कुणाला तरी बोटीतून जावंच लागतं.

माझे वडील देवगडचे. ते ‘किती वाव पाणी?’ असं विचारायचे (वाव हे खोलीचं जुनं माप), आणि किनाऱ्यापासून किती बाहेर आलोय त्यावरून उत्तर मनातच यायचं. प्रिड्झमध्ये हा अंदाज उलटा पडतो. जुन्या हिमनद्यांनी आतला तळ खरवडून काढला आहे, त्यामुळे काठालगतच्या स्वेनर चॅनेलमध्ये हजार मीटरपेक्षा जास्त पाणी मिळतं आणि बाहेर समुद्राकडे ‘फोर लेडीज बँक’ हा उथळ पट्टा लागतो. लहान खाड्यांत तर चाळीस मीटरमधून एकदम सुळका वर येतो.

तो सुळका आम्हाला बर्फाने दाखवला. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, दुपार. पठारावरून उतरणारा वारा सकाळभर अंगावर येतो आणि दुपारनंतर मंदावतो, तेवढ्यातच काम उरकायचं. बाकी बर्फाचे तुकडे प्रवाहाबरोबर सरकत होते. घराएवढा एकच जागचा हलत नव्हता. मालवणचा पोरगा होता माझ्याबरोबर, दुसरीच मोहीम त्याची. तो म्हणाला, ‘सर, ह्याचं बूड टेकलंय. खाली खडप आहे.’ अशी नजर शिकवून येत नाही. बर्फ सुटून पुढे गेल्यावर आम्ही पाच-पाच मीटरवर उभ्या-आडव्या लाइनी मारल्या, सर्वांत उथळ जागा पकडली, भरती-ओहोटी वजा केली. 9.6.

जहाजाला मालासाठी आणखी आत यायचं होतं. नांगरावर फिरताना त्याचं बूड त्या जागेवरून जाणार होतं. ड्राफ्ट, म्हणजे जहाजाचं बूड पाण्यात जितकं खोल जातं ते, 8.4 मीटर. खाली किमान एक मीटर पाणी हवं, अशी कप्तानाची अट होती. मोहीमप्रमुख दर दहा मिनिटांनी विचारत होते. चार वाजता मी आकडा दिला.

आमचं खोलीचं यंत्र, इको साउंडर, खोली मोजत नाही, वेळ मोजतो. आवाज तळाला जाऊन परत यायला किती वेळ लागला, त्याच्या निम्म्याला पाण्यातल्या आवाजाच्या वेगाने गुणून मीटर काढतो. गोव्याच्या कोमट पाण्यात हा वेग सेकंदाला सुमारे 1,540 मीटर असतो, इथल्या उणे तापमानाच्या पाण्यात 1,440 च्या आसपास. म्हणजे गोव्याचा वेग ठेवून इथे मोजलं, तर पाणी जवळजवळ सात टक्के जास्त खोल दिसतं. चूक होते ती जहाज टेकवणाऱ्या बाजूनेच.

ती होऊ नये म्हणून बार चेक. लोखंडी प्लेट साखळीवर बांधून साउंडरच्या बरोबर खाली सोडायची, पाच मीटरला थांबवायची, साउंडर पाचच दाखवतो का पाहायचं, मग दहाला. साखळी सरळ लोंबली पाहिजे. वाऱ्यात बोट वाहते, प्लेट तिरकी जाते, वाचन फुकट जातं. सकाळी ते जमलं नव्हतं. आवाजाचा वेग मोजायचा प्रोब थंडीने बंद पडला होता. तपासणीच्या यादीत ‘बार चेक नंतर’ असं लिहून सही मी केली होती. साउंडरमधलं वेगाचं सेटिंग पोराने तपासलं नाही हे खरं, पण सही माझी.

सात वाजता पाणी काचेसारखं झालं. प्लेट सोडली. पाचला 5.3, दहाला 10.7. पोरगा स्क्रीनकडे बघत राहिला. मी मेनू उघडला. आत 1,540, गोव्याच्या बंदरातल्या चाचणीपासून तसाच. हिशेब पुन्हा केला: 9.0. बुडाखाली साठ सेंटिमीटर.

जहाजाने नांगर उचलायला घेतला होता. मी वायरलेसवर आधीचा आकडा रद्द, नवा आकडा, आत येऊ नका, एवढंच दोनदा बोललो. कप्तानाने आकडा परत म्हणून खात्री केली, नांगर खाली सोडला आणि ‘थँक यू, सर्वेअर’ म्हणाला. त्या सगळ्यांत मला तो एकटा शांत वाटला.

रात्री मोहीमप्रमुख म्हणाले, ‘काही झालं नाही ना? मग अहवालात कशाला घालता?’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. पोराच्या नावाला डाग लागू नये, असंही त्यांच्या मनात असेल. पण आमच्या धंद्यात हे असंच हरवतं. शीटवर बरोबर आकडा राहतो आणि तो कसा बरोबर झाला ते कुणाला कळत नाही. याच किनाऱ्यावर 1935 मध्ये मिकेल्सन यांच्या पत्नी कॅरोलिन उतरल्या. कित्येक दशकं त्या अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरच उतरल्या असं मानलं गेलं. नव्वदच्या दशकात जागा पुन्हा तपासली तेव्हा ते बेट ठरलं. तपासणाऱ्यांना तपासता आलं, कारण तेव्हाच्या नोंदी राहिल्या होत्या.

मी अहवालात लिहिलं, चार ते सात, कारणासकट, सही कुणाची तेही. पोराला आधी वाचायला दिलं. त्याने वाचलं आणि विचारलं, ‘सर, माझं नाव का नाही?’

मग आम्ही फील्डबुक काढलं. चूक झालेला आकडा खोडरबराने पुसायचा नसतो, वाचता येईल अशी एकच रेघ मारायची असते. रेघ त्याने मारली. बाजूला 9.0 लिहिलं, वेळ लिहिली, आणि आद्याक्षरं दोघांची घातली.